तिरळं 'सावकाश'

मित्रांनो, मी एक जाड फॉन्ट आहे. अशा गोष्टीची सुरुवात 'मी जुना आहे' अशी करायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. पण मी जुना नाही, आणि वय वाढवून सहानुभूती मिळवणं माझ्या स्वभावात नाही. मी जाड आहे. लोकांचं वजन वाढलं की घरात चिंता पसरते. माझं वजन मुद्दाम वाढवण्यात आलं, पेन्सिलीने, आणि दर वेळी थोडं वाढलं की घरात कुणीतरी खूश व्हायचं. असं बालपण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

फॉन्ट म्हणजे अक्षरांचं एक अख्खं कुटुंब. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळे एकाच घरातले वाटले पाहिजेत. एकाचं नाक चपटं आणि दुसऱ्याचं धारदार, असं चालत नाही. काही फॉन्ट पुस्तकात राहतात. ते सडपातळ असतात, रांगेत चालतात, आणि तासन्‌तास वाचले तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत. हा त्यांचा गुण समजला जातो. मी पुस्तकात राहत नाही. मी पाटीवर राहतो, पोस्टरवर राहतो, दुकानाच्या कपाळावर राहतो. रस्त्याच्या पलीकडून दिसणं हे माझं काम आहे, आणि ते मी मान वळवून न बघणाऱ्यालाही दिसेल इतपत नीट करतो.

माझा जन्म पाट्यांच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे खाली एक लांब खोली. तिथे पत्रे भिंतीला टेकून उभे असायचे, रंगाचे डबे झाकणाला चिकटून बसलेले असायचे, आणि मधोमध लाकडी घोड्यांवर ठेवलेलं एक लांबलचक टेबल होतं. वर घर होतं. चुकलेली पाटी फेकायची नाही असा तिथला नियम असल्यामुळे घराला बराच मजकूर होता. माळ्याच्या दारावर 'वाहनतळ' लिहिलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर 'प्रवेश बंद' होतं, आणि तिथे साखर असायची.

पत्रा कापणं आणि रंगवणं दादाकडे होतं. अक्षरं काढणं त्याच्या धाकट्या बहिणीकडे होतं. मी तिला ताई म्हणतो, कारण तिने मला काढलं आणि आईचं पद आधीच भरलेलं होतं. त्या दोघांची आई वर राहायची, पण तिचे कान खाली असायचे.

दादा ताईला 'कंपास' म्हणायचा. तिला कुठलीही गोल वस्तू दिसली की ती खरंच गोल आहे का, हे बघितल्याशिवाय चैन पडत नसे. ताटं, बांगड्या, गाडीची चाकं, सगळी तिच्या नजरेखालून गेली होती. एकदा घरी आलेल्या एका पाहुण्यांच्या टकलाकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि शेवटी "जवळजवळ" एवढंच म्हणाली. ते पाहुणे परत आले नाहीत.

मला घडवताना तिने तीनच आकार घेतले. एक पूर्ण वर्तुळ, एक सरळ जाड पट्टी, आणि एक पाव वर्तुळ. एवढ्या सामानात सगळी वर्णमाला बसवायची, असा तिचा हट्ट. 'ठ'ला काही करावंच लागलं नाही, तो जन्मतःच तयार होता आणि अजूनही तसाच वागतो. 'ऋ'ने मात्र इतकं छळलं की ताई जेवतानासुद्धा त्याचं नाव काढू द्यायची नाही.

आता एक गुपित सांगतो. जाड अक्षराचं सगळं कौशल्य त्याच्या जाडीत नसतं, ते आतल्या पोकळीत असतं. 'व' घ्या. बाहेरून रेघ जाड करत गेलात की आतली मोकळी जागा आक्रसत जाते. ती पार गेली की अक्षर राहत नाही, नुसता डाग राहतो. म्हणून ताईने माझ्या पोकळ्या लहान ठेवल्या, पण नेमक्या वर्तुळाच्या मधोमध ठेवल्या. केसभरही इकडेतिकडे नाही. मला माझ्या पोकळ्यांचा अभिमान आहे. हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी विचित्र वाटेल.

मी तयार झालो आणि ताईने मला ओळखीपाळखीत फुकट वाटायला सुरुवात केली. पहिलं काम वाचनालयाचं. 'शांतता राखा.' मी ते इतक्या जोरात म्हटलं, की लोक दारातूनच "काय झालं?" असं ओरडून विचारायला लागले. मग एका दंतवैद्यांनी 'घाबरू नका' एवढे दोन शब्द मागितले. ताईने भिंतभर लावून दिले. तोपर्यंत तिथे कुणी घाबरलेलं नव्हतं. थोड्याच वेळात बाकडी रिकामी झाली, आणि एका गृहस्थांची दाढ तर घरी पोचेपर्यंत दुखायची थांबली होती. मग शेजारच्या काकूंचं मांजर हरवलं. 'मांजर हरवले आहे' असं माझ्यात छापून खाली त्याचा फोटो लावला, तर ते मांजर कुठल्यातरी टोळीचा म्होरक्या वाटायला लागलं. संध्याकाळी ते आपणहून हजर झालं. ही आमची जमेची बाजू.

यातलं काहीही माझं अपयश नव्हतं. मला हळू बोलता येत नाही, एवढंच. ज्याला हळू बोलायचं आहे त्याने दुसरा फॉन्ट बघावा.

पण मामाला हे पटत नव्हतं. मामाचं फरश्यांचं मोठं दुकान होतं, आत गेलं की थंड वाटायचं आणि पाय घसरायचा. मामाचा ताईवर फार जीव. तिने वाचनालयांना ओरडायला लावण्यापेक्षा आपल्या दुकानात बसावं, असं त्याच्या मनात होतं. त्याने तिच्यासाठी एक फिरती खुर्चीही घेऊन ठेवली होती, आणि खुर्चीवरचं प्लॅस्टिक तो कुणाला काढू देत नव्हता.

"बेटा, तुला आकार आवडतात ना?" तो दर भेटीत म्हणायचा. "माझ्याकडे चौकोनच चौकोन आहेत."

ताई हसून वेळ मारून न्यायची. पण आमच्या कामाचा गवगवा काही होत नव्हता, आणि तिचं ते हसू दिवसेंदिवस सडपातळ होत चाललं होतं. माझ्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. रेघ बारीक झालेली मला लगेच कळते.

अशात एके दिवशी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कारखान्यात आल्या. त्यांच्या शाळेसमोरचा रस्ता उताराचा. गाड्या तिथून सुसाट जायच्या. फाटकावर पाटी होती, ती त्यांनी स्वतः लिहिली होती: 'सर्व वाहनचालकांना नम्र विनंती करण्यात येते की, त्यांनी शाळेसमोरून जाताना आपापली वाहने सावकाश चालवावीत.' नाजूक, वळणदार अक्षरात. गाडीवाला 'करण्यात येते' वाचेपर्यंत शाळा मागे पडलेली असायची. आदल्याच आठवड्यात मुलांना रस्ता ओलांडून देताना शाळेच्या शिपाईकाकांना एका स्कूटरचा धक्का लागला होता. हात गळ्यात आला. प्लास्टरवर सगळ्या मुलांनी सह्या केल्या होत्या, आणि एकाने तिथे भागाकारही सोडवला होता.

"मला विनंती नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मला धाक पाहिजे. एकच शब्द. 'सावकाश'. आधी एक पाटी करा. चालली, तर शाळेच्या उरलेल्या तीन बाजूंनाही लावू."

"आणि नाही चालली तर?" दादाने विचारलं.

"तर बाजारात तयार मिळते. कासव काढलेली."

ताईने कासव हा शब्द मनाला लावून घेतला.

पाट्या एकसारख्या करायच्या असल्या की दादा पत्र्याचा छापा करायचा. म्हणजे पत्र्यातून अक्षराचा आकार कापून काढायचा, तो पत्रा पाटीवर ठेवायचा, आणि वरून रंगाचा फवारा मारायचा. जिथे कापलंय तिथे रंग बसतो, पत्रा उचलला की अक्षर तयार. अडचण एकच. 'व'सारख्या अक्षराचा गोल कापला की पोकळीच्या जागेचा आतला तुकडा सुटा होऊन खाली पडतो, मग रंग सगळीकडे बसतो आणि पोकळी बुजते. म्हणून त्या तुकड्याला धरून ठेवायला एक बारीक पट्टी न कापता सोडतात. दादा तिला पूल म्हणायचा.

"पूल ठेवावे लागतील," दादा म्हणाला. "'व'मध्ये एक, 'क'मध्ये एक."

'सावकाश'मध्ये बंद पोकळीची अक्षरं ती दोनच, अगदी मधोमध, शेजारी-शेजारी. माझ्या वळणात 'स' आणि 'श' उघडे आहेत.

"माझ्या वर्तुळावर पूल?" ताई म्हणाली. "नदी आहे का ती?"

"अगं, पत्रा हवेत तरंगत नाही."

"ते तू बघ. मी गोल काढलाय. तू त्याला चीर पाडणार, मग तो गोल कसला? चावलेलं बिस्किट."

"कंपास, लोक गाडीतून बघणार आहेत. कंपास लावून कुणी बघणार नाही."

"म्हणून तर आपल्याकडे कुणी बघत नाही!" ताईचा आवाज माझ्यासारखा झाला. "पूल न ठेवता पाटी करायची. आणि ही फसली ना, तर सोमवारी मी मामाच्या दुकानात जाऊन बसते. कायमची. मग लाव तू पूल, बांध धरण, काय वाटेल ते कर."

दादाने हातातली पट्टी टेबलावर आपटली.

"काय म्हणाली ती?" वरून आईचा आवाज आला.

"काही नाही!" दोघं एकदम म्हणाली.

"मी ऐकलंय," आई म्हणाली.

आईने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त मामाला सांगितली. मामाने लगेच फोन करून ताईचं अभिनंदन केलं आणि सोमवारी सकाळी पाटी बघायला शाळेपाशी येतो, तिथूनच सोबत दुकानात जाऊ, असं ठरवूनही टाकलं. म्हणजे पाटी अजून कापलीही गेली नव्हती, आणि तिच्यावर ताईचं सगळं पुढचं आयुष्य टांगलं गेलं होतं. वजन पेलायची मला सवय आहे. तरी हे जरा जास्त झालं.

त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं बंद झालं. काम मात्र चालू राहिलं.

"आई, तिला विचार, कुठला पत्रा घेऊ?"

"आई, त्याला सांग, नेहमीचा."

"मी वर भाजी चिरतेय," आई म्हणाली. "तुम्ही दोघं एका टेबलाला टेकून उभी आहात."

"आई, तिला सांग, मला माहिती आहे."

दादाने रागारागाने मला कापलं. रागात त्याचा हात फार सुंदर चालतो. पूल नाही, खाच नाही, ताईने काढलं तसं तंतोतंत. मग त्याने पत्रा उचलला. आणि ठण्ण करून दोन गोल चकत्या टेबलावर राहिल्या. एक थोडी घरंगळली आणि ताईच्या हातापाशी जाऊन आडवी झाली.

मित्रांनो, दादाला तेव्हा काहीही म्हणता आलं असतं. 'बघ' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ताई चकतीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा दुकानात बसायला निघाल्यासारखा झाला होता. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने आपल्या समोरची चकती उचलली, फडक्याने पुसली, मागे चिकटपट्टी लावली, आणि 'व'च्या आत पाटीवर चिकटवून टाकली. फवारा मारताना ती पोकळीची जागा झाकेल, मग काढून घ्यायची. पुलाशिवाय काम झालं असतं, ताईचा शब्द राहिला असता. ताईनेही नाक ओढून दुसरी चकती उचलली आणि 'क'मध्ये लावली.

आता इथे जी चूक झाली, ती याच दोघांना करता आली असती. दादा 'स'च्या टोकाला उभा होता, ताई 'श'च्या टोकाला. अक्षरं मधोमध. चकती नीट लावायची तर टेबलाच्या मध्यावर यायला हवं. पण मध्यावर आलं की दुसऱ्याला 'जरा सरक' म्हणावं लागतं, आणि बोलणं तर बंद होतं. म्हणून दोघांनीही आपापल्या टोकावरून, हात लांबवून, अंदाजाने चकत्या ठेवल्या. लांबून ठेवलेली वस्तू नेहमी थोडी पुढेच सरकते. नंतर पाटी समोरून बघून घेण्याचाही प्रश्न आला नाही, कारण समोर एकाच वेळी दोघांनी उभं राहणं म्हणजे समेट झाला असता.

सोमवारी सकाळी त्यांनी पाटी शाळेच्या फाटकावर चढवली. दोन शिड्या, दोन टोकं, दोन गप्प माणसं. मग दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि वळून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

पिवळ्या पाटीवर काळाभोर मी. वरची शिरोरेषा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाड भुवई. तिच्याखाली 'व'चं वर्तुळ आणि 'क'चं वर्तुळ, दोन डोळे. 'व'ची पोकळी उजवीकडे सरकलेली, 'क'ची डावीकडे. मी तिरळा झालो होतो, आणि थेट ताईकडे रोखून बघत होतो.

मला कसं वाटलं म्हणाल, तर खरं सांगतो, मला पहिल्यांदाच दिसायला लागलं.

"आई गं," ताई म्हणाली. या वेळी निरोप द्यायला नव्हे.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. फाटकाशी थबकल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नकळत पदर सारखा केला.

"ही माझ्याकडे का बघतेय?" त्यांनी विचारलं.

ताई सांगायला तोंड उघडणार, तोच उतारावरून एक दुधाचा टेम्पो सुसाट आला. शाळेजवळ येताच त्याने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं आणि पाटीकडे बघत म्हणाला, "काय केलं मी?"

"अजून काही नाही," शिपाईकाका म्हणाले. "सावकाश जा."

टेम्पो इतका सावकाश गेला, की मागची स्कूटरही तशीच आली. स्कूटरवरच्या बाई माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाल्या, "आज उशीर झालाय म्हणून हो, रोज नाही मी अशी." त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. एक आजोबा सायकलवरून उतरले आणि शाळेची भिंत संपेपर्यंत ती हातात धरून चालत गेले. सायकलचा वेग आधीही चालण्याएवढाच होता. मुलं आरामात रस्ता ओलांडत होती. शिपाईकाकांनी चांगला हातसुद्धा खिशात घातला होता.

मग मामाची गाडी आली. मामा गाडी चालवताना ब्रेक ही वस्तू दुसऱ्यांसाठी असते असं मानायचा. तो पाटीसमोर थांबला. खाली उतरला. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"मी सावकाशच होतो!" तो मला म्हणाला.

मी नुसता बघत होतो.

"बरं, नव्हतो," मामा म्हणाला. मग ताईकडे वळला. "हिला असं बघायला कुणी शिकवलं?"

मुख्याध्यापिकांनी त्याला थांबवलं. "उरलेल्या तिन्ही पाट्या मला अशाच पाहिजेत," त्या ताईला म्हणाल्या. "हुबेहूब अशाच. नजरेसकट."

तुम्हाला वाटेल, इथे ताईने उडी मारली असेल. पण ताई कंपास होती. तिच्या लेखी मधोमध नसलेलं वर्तुळ म्हणजे फसलेलं वर्तुळ, मग त्याच्यापुढे दुधाचे कितीही टेम्पो थांबोत.

"अशा नाही करता येणार," ती म्हणाली. "ही पाटी चुकलीय. चकत्या सरकल्या, म्हणून ती बघतेय. मी ठरवून केलेलं नाही काही." तिने मामाकडे पाहिलं. "मी बोलले होते, फसली तर येईन. फसलीय. गाडीत जागा आहे ना?"

"आहे की," मामा म्हणाला. मग काय करावं ते न सुचून त्याने गाडीचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. तो जिंकला होता आणि त्याला ते अजिबात आवडत नव्हतं.

"थांब," दादा म्हणाला.

भांडणानंतर तिच्याशी थेट बोललेला हा त्याचा पहिला शब्द. मध्ये आई नव्हतीच, त्यामुळे इलाजही नव्हता.

"चूक आहे ना ही? मग परत कर."

"म्हणजे?"

"हीच चूक. ठरवून. एकदा झाली तर चूक, मान्य. पण तुला पाहिजे तेव्हा करता आली, तर ती चूक नाही गं, ते तुझं काम आहे. नाही आली, तर बस मामाच्या गाडीत. मी स्वतः दार लावून देतो."

"दार मी धरलंय," मामा म्हणाला.

ताई काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे. मग तिने पिशवीतून कंपास काढला आणि भर रस्त्यावर शिडी चढली. 'व'च्या कडेपासून, 'क'च्या कडेपासून, इकडून किती, तिकडून किती, आडवं सगळं मोजलं. कुणी इतक्या जवळून डोळ्यांत बघितलं की अवघडायला होतं, पण मी पापणी हलवली नाही. मला पापण्या नाहीत.

कारखान्यात परत आल्यावर तिने खाकी कागदावर मला नव्याने काढलं. दोन्ही पोकळ्या मोजून आत सरकवल्या, अगदी सारख्या. कागद भिंतीला लावला. आणि मी कुणाकडेच बघेना. मी स्वतःच्या नाकाकडे बघत होतो, सर्दी झाल्यासारखा. मामा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, कारण ताईला घेतल्याशिवाय जायचं नाही असं ठरलं होतं. त्याने कागदाकडे बघितलं आणि हळूच गाडीची किल्ली खिशातून बाहेर काढली.

"दादा," ताई म्हणाली, "तू तेव्हा कुठे उभा होतास?"

"इथे. 'स'पाशी."

"तसाच उभा राहा. वाक. चकती ठेव." ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि आपणही वाकली. मग तशीच वाकलेली राहून हसायला लागली. "तू ताडमाड, मी बुटकी. तुझा हात वरून पडतो, माझा खालून चढतो. तुझी चकती वर गेली होती, माझी खाली. मी दोन्ही एका पातळीत घेतल्या."

तिने 'व'ची पोकळी किंचित वर घेतली, 'क'ची किंचित खाली. कागद पुन्हा भिंतीला लावला.

मामा स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "मी काही केलेलं नाही."

तर असा मी परत बघायला लागलो. एक डोळा बघतो, दुसरा खात्री करून घेतो.

पण छापा कापायचा राहिला होता, आणि चकत्या पुन्हा खाली पडणारच होत्या. तीन पाट्यांवर त्या हाताने चिकटवायच्या, तर मोजमाप गेलं पाण्यात. पुलाचं नाव काढायची दादाची तयारी नव्हती. ताई कागदाजवळ गेली. पोकळ्या आत सरकल्यामुळे त्या बाजूची भिंत अगदी पातळ उरली होती. ताईने तिच्यावर बोट ठेवलं. मग खोडरबर घेतलं आणि तेवढीच भिंत पुसून टाकली, 'व'ची उजवीकडून आणि 'क'ची डावीकडून. पोकळी बाहेर उघडली. डोळ्याला नाकाजवळ कोपरा असतो ना, तसा कोपरा आला.

"इथून धरेल तुकडा?" तिने विचारलं.

दादाने पत्रा घेतला आणि कापायला लागला. आई जिन्यात येऊन उभी राहिली होती. कापून झालं. दादाने पत्रा दोन्ही हातांनी उचलला.

टेबलावर काहीच राहिलं नाही.

"हा पूल आहे," दादा म्हणाला.

"डोळ्याचा कोपरा आहे."

"तुकडा बाहेरच्या पत्र्याला जोडलेला आहे की नाही?"

"आहे."

"मग पूल."

"कोपरा."

मामाने किल्ली परत खिशात टाकली. "म्हणजे ही काही येत नाही," तो आईला म्हणाला.

"नाही येत," आई म्हणाली. "तू जेवून जा."

"बरं," मामा म्हणाला. "चौकोनांचं मी बघतो."

मित्रांनो, आता मी शाळेच्या चारही बाजूंना आहे. शिवाय दवाखान्याच्या वळणावर आहे, बांधकामाच्या कुंपणावर आहे, आणि तलावाच्या काठावर आहे. तिथे मी नुसता बघतो तरी मुलं चार पावलं मागे सरकतात. माझी आता दोन रूपं आहेत, एक सरळ आणि एक बघणारं. सरळ रूप दिसायला देखणं आहे, पण मागणी विचाराल तर बघणाऱ्यालाच. ताई अजून खालच्या खोलीत बसून अक्षरं काढते. हल्ली तिच्याकडे माणसं स्वतः येतात, आणि 'घाबरू नका' लिहून मागितलं तर ती नकार देते. पूल की कोपरा हे अजून ठरलेलं नाही. पण आता ते दोघं थेट एकमेकांशी भांडतात, आणि आईला भाजी चिरायला सवड मिळते.

माझ्यासारखी पाटी तुमच्याही रस्त्यावर असेल, तर एवढं करा. तिच्यासमोर फांदी वाढली तर कुणा मोठ्याला सांगा, बघण्यात अडथळा येतो. तिच्यावर जाहिराती चिकटवू नका, डोळ्यांत जातात. धूळ बसली तर ओल्या फडक्याने पुसा, आधी पोकळ्या, मग बाकीचं. आणि कधी तुम्हालाच एखादं जाड अक्षर काढावंसं वाटलं, तर खुशाल काढा, हात आखडू नका. फक्त त्याच्या आत थोडी जागा मोकळी सोडा. तिथूनच ते बघतं.

बरं, शाळेची वेळ झाली. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. मधलं मी बघतो.